एम.टेक.चा पैसा जागेबरोबर येतो, म्हणून आधी जागा ठरवा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, गेट या एम.टेक. प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत पात्र, स्कोअर 520 च्या आसपास. वडिलांची साडेतीन एकर शेती, त्यावर पीककर्ज, धाकटी बहीण बारावीला. घरून महिन्याला दोन-तीन हजारांच्या पलीकडे काही येणार नाही. आणि तुम्ही विचारलंय की एम.टेक.साठी कोणकोणत्या शिष्यवृत्त्या मिळतात, कर्ज काढावं का, की हे सगळं सोडून नोकरीला लागावं.

मी बावीस वर्षं अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतोय. त्यातली नऊ वर्षं पदव्युत्तर प्रवेश आणि विद्यावेतनाची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून गेली. तुमच्यासारख्या घरातून आलेली मुलं मी दरवर्षी पाहतो, आणि त्यातली काही मधेच सोडून गेलेलीही पाहिली आहेत. सोडून गेलेल्या बहुतेकांना विद्यावेतन मंजूर झालेलं होतं. ते हातात पडेपर्यंतचे पहिले चार-पाच महिने त्यांना काढता आले नाहीत. तुमची खरी अडचण मला तिथेच दिसते. 'पैसे कोणते मिळतील' याचं उत्तर सोपं आहे. 'ते कधी मिळतील आणि तोपर्यंत काय' हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमचा प्रवर्ग कोणता, घरचं उत्पन्न दाखल्यावर किती, बी.ई.ला शैक्षणिक कर्ज किंवा व्याजसवलत घेतली होती का, आणि तुम्हाला पुढे संशोधनात जायचंय की चांगली नोकरी हवी आहे. या चारांपैकी एकही उत्तर बदललं तरी माझा सल्ला थोडा बदलेल. तसं जिथे होईल तिथे सांगत जातो.

बी.ई.ला असताना शिष्यवृत्ती म्हणजे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा आणि शुल्काचा काही भाग सरकारने भरायचा, अशी सवय झालेली असते. एम.टेक.ला मुख्य पैसा वेगळ्या वाटेने येतो. तो तुम्ही कोणत्या प्रकारच्या जागेवर बसलात त्यावर ठरतो. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला दरमहा 12,400 रुपये मिळतात आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही. कारण पहिला गेटच्या जागेवर पूर्णवेळ आलेला असतो आणि दुसरा गेटशिवाय किंवा कंपनीच्या पुरस्कृत जागेवर. एकदा बिनपैशाच्या जागेवर प्रवेश घेतला की नंतर अर्ज करून तिचं विद्यावेतनाच्या जागेत रूपांतर होईल, या भरवशावर राहू नका. दरवर्षी कोणीतरी ऑक्टोबरात येऊन हे विचारतं आणि मला नाही म्हणावं लागतं.

तुम्ही गेटपात्र आहात, म्हणजे मोठा दरवाजा उघडा आहे. आयआयटी आणि एनआयटीत हे 12,400 रुपये संस्थेमार्फत मिळतात. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या इतर महाविद्यालयांत एआयसीटीईची पदव्युत्तर शिष्यवृत्ती असते, तीही तेवढीच, आणि ती खासगी महाविद्यालयातल्या गेटपात्र विद्यार्थ्यालाही मिळते. ही दुसरी गोष्ट पुष्कळ मुलांना माहीतच नसते. प्रवेशाच्या वेळी गेटचा स्कोअर वैध असणं, प्रवेश पूर्णवेळ असणं, आणि त्या काळात दुसरीकडून पगार किंवा विद्यावेतन न घेणं या मुख्य अटी. बदल्यात आठवड्याला आठ ते दहा तास शिकवण्याच्या कामात मदत करायची असते: प्रयोगशाळेत बी.ई.च्या तुकड्या सांभाळायच्या, जर्नल तपासायची, चाचणीचे पेपर पाहायचे. मुलं याला कटकट म्हणतात. माझ्या मते एम.टेक.मधलं हे सगळ्यात उपयोगी शिक्षण आहे. ज्याने तीस जणांना लेथवर किंवा सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवर उभं राहून समजावलंय, त्याला पुढे मुलाखतीत मूलभूत प्रश्नावर अडखळताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

हिशोब करू. 24 महिन्यांचे 12,400 म्हणजे 2,97,600 रुपये. एनआयटीत एम.टेक.चं शिकवणी शुल्क अनेक ठिकाणी सेमिस्टरला 35,000 आहे, म्हणजे चार सेमिस्टरचे 1,40,000. त्यावर वसतिगृह, खानावळ, परीक्षा आणि किरकोळ शुल्कं. काटकसरीने राहिलात तर एनआयटीतलं एम.टेक. जवळपास स्वतःच्या पायावर उभं राहतं, हातात फारसं काही उरत नाही. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर या संस्थांत शिकवणी शुल्क माफ असतं आणि चित्र बरंच सुधारतं. खासगी महाविद्यालयात मात्र विद्यावेतन तेवढंच आणि वार्षिक शुल्क कितीतरी जास्त असू शकतं. तिथे हे पैसे शुल्कातच जातील. म्हणून कोणी 'आमच्याकडेही विद्यावेतन मिळतं' असं सांगितलं, तर लगेच दोन वर्षांच्या एकूण शुल्काचा आकडा कागदावर मागा.

आता त्या पहिल्या महिन्यांबद्दल. या मुद्द्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. हुशार, शांत, गेटचा स्कोअर तुमच्यापेक्षा थोडा कमीच. प्रवेशाचे पैसे वडिलांनी गावातल्या एकाकडून व्याजाने आणले होते, दर महिन्याला शेकडा तीन. म्हणजे वर्षाला 36 टक्के. विद्यावेतन सुरू झालं की दोन महिन्यांत फेडू, असा त्यांचा हिशोब. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले. मग सगळ्या फेऱ्या संपून प्रवेश पक्के व्हायचे, विद्यार्थ्याने पोर्टलवर नोंद करायची, संस्थेने ती तपासून पुढे पाठवायची, मंजुरी यायची, आणि त्यानंतर दर महिन्याची हजेरी संस्थेने कळवायची. हे सगळं होईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. बाकीच्यांचे पैसे डिसेंबरात आले, ऑगस्टपासूनचे एकदम. याचे आले नाहीत. पोर्टलवर 'रक्कम जमा' दिसत होतं आणि त्याच्या पासबुकात काहीच नव्हतं.

शेवटी कळलं की त्याने शाळेत असताना गावातल्या दुसऱ्या बँकेत एक खातं उघडलं होतं आणि त्याचं आधार त्या खात्याला जोडलेलं होतं. आधारवर आधारित सरकारी पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ज्या बँकेने तुमचं आधार पैसे येण्यासाठी सगळ्यात शेवटी नोंदवलेलं असतं, तिकडे ते जातात. याला बँकेत 'आधार सीडिंग' म्हणतात. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं होत नाही. त्याचे पैसे त्या जुन्या खात्यात सुखरूप पडले होते, पण ते खातं वापर नसल्यामुळे बंद अवस्थेत होतं. ते सुरू करून पैसे काढायला जानेवारी संपला. तोपर्यंत सावकाराचं व्याज वाढत राहिलं आणि तो मुलगा खानावळीत एक वेळ जेवत होता, हे मला फार उशिरा कळलं. विभागात कोणाला तरी मी आधीच विचारायला हवं होतं, याची खंत मला अजून आहे. त्यानंतर मी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधार सीडिंगचा कागद दाखवायला सांगू लागलो.

म्हणून तुम्हाला लागणारा खरा आकडा दोन वर्षांचा नाही. प्रवेशाच्या दिवसाचं शुल्क, अधिक किमान पाच महिन्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च, एवढा तो आकडा आहे. सरकारी संस्थेत मी तो साधारण 80,000 ते 1,00,000 धरायला सांगतो. तेवढ्या पैशांची सोय झाली की पुढचं निभतं. डिसेंबरात किंवा जानेवारीत थकलेली रक्कम एकदम येते, आणि ती दुसऱ्या सेमिस्टरच्या शुल्कासाठी बाजूला ठेवायची. त्यातून लॅपटॉप घेण्याचा मोह होतो, तो आवरा. प्रयोगशाळेतले संगणक पुरतात.

हा पहिला लाख कुठून आणायचा? सावकाराकडून अजिबात नाही. शैक्षणिक कर्जाची खरी जागा इथे आहे: छोटं, ठरावीक कामापुरतं. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, आणि त्या काळात व्याज सरळ पद्धतीने लागतं. उदाहरण म्हणून, दीड लाखावर 10 टक्के धरले तर वर्षाला 15,000 व्याज. विद्यावेतनातून महिन्याला 1,250 बाजूला काढून व्याज भरत गेलात तर कर्ज वाढतच नाही. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर सहकर्जदार म्हणून त्यांच्या नावावर बँक कुरकुर करेल. तेव्हा आधी ते नियमित आहे का ते बघा. थकलेलं असेल तर आई किंवा नोकरीतले मामा-काका सहकर्जदार म्हणून चालतील का, ते बँकेत विचारा. नामांकित सरकारी संस्थेचं प्रवेशपत्र हातात असेल तर बँकेची भाषा बदलते, हा माझा अनुभव.

व्याजसवलतीबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकतं, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजसवलत आहे. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक शिक्षणासाठी जुनी, पूर्ण व्याज भरणारी योजनाही आहे. पण ती आयुष्यात एकदाच मिळते, पदवीला किंवा पदव्युत्तरला. बी.ई.ला घेतली असेल तर ती वाट बंद. शिवाय दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला तीन टक्क्यांची सवलत मिळत नाही, म्हणून विद्यावेतनाबरोबर ती चालेल असं गृहीत धरून हिशोब मांडू नका.

राज्याच्या प्रवेशफेरीतून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात गेलात तर महाडीबीटीवरच्या योजना बघा. साडेतीन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकात येता, तेव्हा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. एआयसीटीईचं विद्यावेतन आणि राज्याची योजना एकत्र घेता येतील का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी विचारा. तोंडी 'हो' वर विसंबून नंतर रक्कम परत करावी लागलेली मुलं मला माहीत आहेत.

आता ज्या वाटा तुमच्या प्रश्नात नव्हत्या, पण तुमच्या घरच्या परिस्थितीत मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, संशोधन सहाय्यकाची जागा. मुंबई आयआयटीत एम.टेक.ला टीए (शिकवण्यात मदत करणारा सहाय्यक) आणि आरए (संशोधन सहाय्यक) असे दोन मुख्य प्रकार आहेत. टीएला आठवड्याला आठेक तास काम आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आरएला आठवड्याला वीस तास काम आणि तीन वर्षं. मद्रास आयआयटीत संशोधनातून एम.एस. करणाऱ्यांनाही असंच अर्धवेळ संशोधन सहाय्यक म्हणून घेतात. 520 स्कोअरवर जुन्या आयआयटीत टीएची जागा मिळणं अवघड आहे, हे स्पष्टच सांगतो. आरए आणि एम.एस.मध्ये मात्र चाचणी आणि मुलाखतीला बरंच वजन असतं, आणि चांगल्या हाताच्या मुलाला तिथे संधी मिळते. एक वर्ष जास्त जातं खरं, पण त्या वर्षातही विद्यावेतन चालू असतं आणि तीन वर्षं एका प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाच्या कामात फरक दिसतो.

दुसरी वाट प्रकल्पावरच्या ज्युनियर रिसर्च फेलोची, म्हणजे जेआरएफची. केंद्र सरकारच्या संस्था प्राध्यापकांना संशोधन प्रकल्प देतात, त्यात माणसं घ्यायची तरतूद असते. इथे एम.टेक. लागतंच असं नाही, गेटपात्र बी.ई. झालेलाही चालतो. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफचा दर महिन्याला 37,000 रुपये आहे आणि सिनियर फेलोचा 42,000. त्यावर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. 2014 मध्ये हीच रक्कम 25,000 झाली, 2019 मध्ये 31,000. त्या सगळ्या काळात एम.टेक.चं विद्यावेतन 12,400 वरच राहिलं. म्हणजे आज दोहोंत दरमहा 24,600 चा फरक आहे. याच्या जाहिराती आयआयटी, एनआयटी आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर वर्षभर येत असतात, पण बहुतेक विद्यार्थी त्या पाहतच नाहीत.

तुमचा गेट स्कोअर तीन वर्षं वैध आहे. यंदा मनासारखी जागा मिळाली नाही किंवा पहिल्या लाखाची सोय झाली नाही, तर घाईने महागड्या महाविद्यालयात जाऊ नका. एक वर्ष जेआरएफ करा. महिन्याला पंधरा हजार बाजूला पडले तरी वर्षाचे 1,80,000 होतात आणि पुढच्या वर्षी त्याच गेटवर बिनकर्जाचं एम.टेक. करता येतं. शिवाय प्रत्यक्ष संशोधन कसं चालतं ते पगार घेऊन पाहता येतं. माझ्याकडच्या दोन मुलींनी असं केलं. एकीला त्या वर्षात संशोधन आपला पिंड नाही हे उमगलं आणि ती डिझाइनच्या नोकरीत गेली, दुसरी त्याच प्रयोगशाळेत पीएच.डी.ला राहिली. दोघींनाही ते वर्ष वाया गेलं असं वाटत नाही. अडचणही सांगतो: प्रकल्पाची मुदत असते. रुजू होण्याआधी तो किती महिने उरलाय हे विचारा. निधी देणाऱ्या संस्थेकडून हप्ता उशिरा आला की पगारही लांबतो.

बी.टेक.नंतर थेट पीएच.डी. हीसुद्धा आयआयटीत शक्य असते: पहिली दोन वर्षं 37,000, मग 42,000. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्तीत तर पहिल्या दोन वर्षांना 70,000, तिसऱ्याला 75,000, पुढे 80,000 असे आकडे आहेत आणि निवड तितकीच कडक. पैशासाठी मात्र पीएच.डी. धरू नका. ती पाच वर्षं चालते, तिसऱ्या वर्षी काहीच जमत नाही असं वाटतं, आणि तेव्हा 42,000 रुपये माणसाला टिकवून धरत नाहीत. विषयाची ओढ असेल तरच जा. तशी ओढ असेल तर बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गानुसार पाहाव्यात.

आणखी एक नाव लिहून ठेवा: अणुऊर्जा विभागाची डीजीएफएस. यात विभाग तुम्हाला आयआयटीसारख्या संस्थेत एम.टेक.ला पाठवतो, शुल्क भरतो, विद्यावेतन देतो आणि नंतर वैज्ञानिक अधिकारी म्हणून घेतो. बदल्यात तीन वर्षं सेवेचा करार. गेटच्या स्कोअरवर किंवा त्यांच्या परीक्षेतून मुलाखतीला बोलावतात. गेटवरून बोलावण्यासाठी 520 कमी पडेल, पण त्यांची परीक्षा तुम्हाला देता येते आणि मेकॅनिकलला जागा असतात. घरची जबाबदारी असलेल्या मुलासाठी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर सीसीएमटीत, म्हणजे एनआयटी वगैरे संस्थांच्या एम.टेक.च्या सामाईक प्रवेशफेरीत, फक्त सरकारी संस्थांच्या जागा भरल्या असत्या, त्याच वेळी आरए आणि एम.एस.च्या मुलाखती दिल्या असत्या, आणि जूनपासून जेआरएफच्या जाहिरातींवर लक्ष ठेवलं असतं. ऑगस्टपर्यंत यातलं काहीच जमलं नाही तर नोकरी धरली असती आणि पुढच्या वर्षी त्याच स्कोअरवर पुन्हा अर्ज केला असता. बिनविद्यावेतनाच्या जागेवर मोठं कर्ज काढून बसणं मात्र टाळलं असतं, महाविद्यालयाचं नाव कितीही मोठं असलं तरी.

या आठवड्यात बँकेत जाऊन तुमच्या एकट्याच्या नावावरच्या साध्या बचत खात्याला आधार सीडिंग झालंय का ते तपासा. वडिलांबरोबरचं संयुक्त खातं देऊ नका. त्याच फेरीत तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग लागते. आणि प्रवर्ग, उत्पन्न, आधीचं कर्ज हे मला कळवा. त्यावरून कोणती योजना धरायची आणि कोणती सोडायची हे नेमकं सांगता येईल.